चांगला चहा कसा करायचा? बडोद्याच्या स्वयंपाकघरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चहा पिऊन गेलेली माणसं पुण्याला, नाशिकला, इंदूरला पोचली की निरोप पाठवतात: ‘तुम्ही सांगितलं तसंच केलं, पण तसा होत नाही.’ त्यांचे आणि इथल्या शेजारपाजाऱ्यांचे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक वेळा चहापूड चांगलीच असते, फक्त जिन्नस पातेल्यात चुकीच्या वेळी पडलेले असतात. म्हणून ‘किती’पेक्षा ‘कधी’ यावर मी जास्त लिहिलं आहे. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसरीकडे जाता येईल.

१. तुमचं रोजच्या दोन कपांचं प्रमाण नेमकं सांगाल का?

कप दीडशे मिलिलिटरचा धरा. पाणी दीड कप, दूध पाऊण कप, आसामची सीटीसी (दाणेदार) चहापूड दोन सपाट चमचे, साखर दोन सपाट चमचे, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं आलं, गवती चहाची तीन-चार पाती, पुदिन्याची सहा-सात पानं.

आलं ठेचून आणि पाती कापून थंड पाण्यातच टाका. झाकण ठेवून उकळी आणा आणि मध्यम आचेवर तीन मिनिटं चांगलं उकळू द्या. मग चहापूड घाला. पाणी गडद लालसर होईपर्यंत, म्हणजे दीड ते दोन मिनिटं, ती उकळली पाहिजे. आता गरम दूध आणि साखर. चहा दोनदा वर येऊ द्या, दोन्ही वेळा पातेलं उचलून खाली बसवा. गॅस बंद करून पुदिना टाका, झाकण ठेवा, एक मिनिट थांबा आणि गाळा. सव्वादोन कपांतलं थोडं आटून बरोबर दोन कप उतरतात.

२. पाणी, दूध, चहा, साखर सगळं एकदम चढवलं तर काय बिघडतं? आमच्याकडे तसाच करतात.

पिण्यासारखा होतो, पण चहाची चव अर्धीच उतरते. चहापुडीतला रंग, कडकपणा आणि तुरटपणा उकळत्या पाण्यात झपाट्याने सुटतो. दुधातली प्रथिनं, विशेषतः केसीन, चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात. दूध घातल्यावर चहा मऊ लागतो तो यामुळेच. पण दूध सुरुवातीलाच असलं तर चहा पुरता उतरायच्या आत ही धरपकड सुरू होते. मग रंग येईना म्हणून माणसं जास्त वेळ उकळतात, दूध आटतं, आणि चहा दाट असूनही फिका लागतो. आधी पाण्यात चहा पूर्ण उतरवायचा आणि मग दूध, हा क्रम मी कधीच सोडत नाही.

टपरीवर दुधात चहा तासभर उकळत असतो आणि तोही आवडीने पितात. तिथे बारीक भुकटी असते, मधूनमधून नवी पूड पडत राहते. ती चव वेगळी आहे आणि ती मलाही भावते. घरच्या दोन कपांत मात्र ती येत नाही, त्यामुळे तिच्या मागे लागू नये.

३. चहापूड कोणती घ्यावी? दाणेदार, भुकटी की पानाची?

दुधाच्या चहाला सीटीसी, म्हणजे गोळीसारखी दाणेदार. पानं दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळून हे दाणे करतात. ही यंत्रं १९३० च्या सुमारास आसामात आली. चिरडल्यामुळे पानाचा रस लवकर सुटतो, म्हणून दोन मिनिटांत कडक चहा होतो आणि दुधापुढे टिकतो.

दाणा जितका बारीक तितका चहा लवकर आणि जास्त कडक. भुकटी कँटीनला ठीक आहे, कारण कपामागे पूड कमी लागते. घरी तिचा तोटा असा की अर्धं मिनिट जास्त झालं तरी चहा कडवट होतो, शिवाय गाळणीतून गाळ उतरतो. मला मध्यम दाणा आवडतो. त्यात वास हवा असेल तर तीन भाग दाण्यात एक भाग पानाचा चहा मिसळा. आमच्या डब्यात असंच मिश्रण असतं.

सुटा चहा घेताना चिमूटभर तळहातावर चोळून पाहा. धुळीसारखा चुरा हाताला लागला किंवा वास दबलेला, कुबट आला तर घेऊ नका. पाव किलोपेक्षा जास्त एकदम घेऊ नये (साठवण्याबद्दल प्रश्न १३).

४. बडोद्यासारखा गवती चहा-पुदिन्याचा चहा आमच्याकडे का होत नाही?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. गुजरातेत भाजीवाल्याकडे गवती चहा आणि पुदिना शेजारी-शेजारी मांडलेले असतात. इथे गवती चहाला ‘लीली चा’ म्हणतात. सयाजीरावांनी १९०६ साली बांधलेल्या खंडेराव मार्केटच्या भागात सकाळी गेलात तर जुड्यांच्या वासावरूनच भाजीवाला सापडतो. गुजराती शेजारणींकडून हा चहा आम्हा मराठी घरांत आला आणि आता आमचाच झाला आहे.

या दोन पानांचे स्वभाव उलटे आहेत. गवती चहाची पात चिवट, तंतुमय. तिच्यातला लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा, आणि तो बाहेर यायला उकळी लागते. म्हणून पाती थंड पाण्यापासूनच आत असाव्यात आणि वर झाकण असावं, नाहीतर वास वाफेबरोबर घरभर होतो आणि कपात उरत नाही. पुदिना नाजूक. दोन मिनिटं उकळला तरी पानं काळी पडतात आणि चहाला शिजलेल्या पालेभाजीची चव येते. त्याने गॅस बंद झाल्यावरच पातेल्यात यावं. बाहेरगावी ज्यांचा चहा बिघडतो त्यातले बरेचजण दोन्ही पानं एकदम टाकतात.

पात धारदार असते, हाताने तोडू नका, कात्रीने बोटभर तुकडे करा. पानाचा वरचा वाळका शेंडा काढून टाका. खालचा पांढरट दांडा ठेचून घातला तर वास जास्त येतो, दोन कपांना एक पुरे. पुदिन्याची फक्त पानं घ्या, कारण देठांनी चहाला उग्रपणा येतो. आणि ही दोन्ही असतील तेव्हा मी वेलची घालत नाही. तीन वास एका कपात भांडतात.

ताजी पात मिळत नसेल तर कुंडीत लावा. मुळासकट दांडा मिळाला तर पावसाळ्यात सहज धरतो. मोठी जुडी मिळाली तर तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवा. सावलीत वाळवलेली पातही चालते, फक्त ती दुप्पट घ्या. पुदिना वाळवून चहात घालायला मला आवडत नाही, वाळला की त्याचा गारवा जातो.

५. आलं घातलं की दूध फाटतं. दूध ताजं असतं, तरी का?

ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं, ते दुधातलं प्रथिन तोडतं. दक्षिण चीनमध्ये गरम दूध आल्याच्या रसावर ओतून खरवसासारखा पदार्थ लावतात, तो याच गुणावर. आलं आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळ उकळलं की हे विकर निकामी होतं, मग दूध बिनधास्त घाला. चहा तयार झाल्यावर वरून कच्चं आलं किसून घातलं तर फाटण्याची शक्यता सर्वांत जास्त. सुंठीने सहसा हा त्रास होत नाही.

आलं किसावं की ठेचावं? मी खलबत्त्यात ठेचते. किसलेल्या आल्याचा रस एकदम सुटतो आणि चहा तिखट होतो. जून, धागेवाल्या आल्याला तिखटपणा जास्त, म्हणून उन्हाळ्यात हात आखडता घ्या.

आल्याशिवायही दूध फाटत असेल तर दूधच आंबायला लागलेलं असतं. वाटीभर दूध वेगळं उकळून पाहा, लगेच कळेल.

६. गुळाचा चहा कसा जमवायचा?

गूळ उसाच्या रसाचा, त्यात थोडी आम्लता आणि क्षार असतात. उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटू शकतं, आणि पावसाळ्यात पाणी सुटलेल्या जुन्या गुळाने तर हमखास. चहा पूर्ण करून गॅस बंद करा, उकळी बसू द्या, मग किसलेला गूळ घालून ढवळा. त्याहून सोपं म्हणजे कपात गूळ ठेवून वरून चहा गाळा. गुळाच्या चहाला दूध नेहमीपेक्षा थोडं कमी ठेवा आणि पुदिना वगळा. त्याच्याशी सुंठ आणि मिरी जास्त जुळते.

७. दूध कोणतं? म्हशीचं, गाईचं, पिशवीतलं?

पिशवीतलं फुल क्रीम दूध म्हणजे ६ टक्के स्निग्धांश, टोन्ड म्हणजे ३ टक्के. इथून आणंद जवळ, डेअरीच्या दुधाची कमतरता नाही आणि घरोघरी फुल क्रीमच येतं. पण त्याचा चहा दोन भाग पाणी आणि एक भाग दूध यापेक्षा दाट करू नये. चव जड होते आणि गवती चहाचा वास दबतो. टोन्ड दूध असेल तर दूध थोडं वाढवा. म्हशीचं घरी तापवलेलं दूध घेताना साय बाजूला करा, तिचे कण चहावर तरंगतात आणि गाळताना चिकटतात.

दूध नेहमी गरम करूनच घाला. फ्रीजमधलं थंड दूध ओतलं की उकळी मोडते, ती परत येईपर्यंत चहा आत शिजत राहतो आणि कडवटपणा वाढतो.

८. पाण्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि चहापूड बदलण्याआधी पाणी बदलून पाहावं असं मी सांगेन. बडोद्याला आजव्याच्या तलावाचं आणि मही नदीचं पाणी येतं. आजव्याचं काम सयाजीरावांच्या काळातलं. या पाण्याचा चहा छान होतो. बाहेरच्या भागातल्या अनेक सोसायट्यांत बोअरचं पाणी असतं, ते जड. जड पाण्यात चहाचा रंग मातकट येतो, चव बसते, आणि कोऱ्या चहावर तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा जमतो. ते तेल नसतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं हवेशी मिळून तो थर तयार होतो, त्याने अपाय होत नाही. लिंबू पिळलं की तो जवळजवळ नाहीसा होतो.

यंत्रातून काढलेलं अगदी हलकं पाणी असेल तर चहा लवकर आणि झगझगीत उतरतो. तेव्हा पूड थोडी कमी घ्या. आणि एकदा उकळून गार झालेलं पाणी चहाला घेऊ नका, नळाचं किंवा माठातलं ताजं घ्या.

९. साखर कधी घालावी?

दुधाबरोबर. आधी घातली तरी मोठं नुकसान नाही, पण पातेल्याच्या कडेला चिकटून ती करपते. साखरेशिवाय पिणारे घरात असतील तर कपात घाला. बडोद्याचा चहा महाराष्ट्रातून आलेल्यांना गोड लागतो, हे खरं आहे. प्रश्न १ मधलं प्रमाण मी त्यांच्यासाठी कमी करूनच दिलं आहे.

१०. चहाचा मसाला घरी कसा करायचा?

माझा मसाला सुंठीवर उभा आहे: सुंठ पूड ५० ग्रॅम, काळी मिरी २० ग्रॅम, वेलची १५ ग्रॅम, दालचिनी १० ग्रॅम, लवंग ५ ग्रॅम, आणि वरून पाव जायफळ किसून. गुजराती घरांत यात गंठोडा, म्हणजे पिंपळमूळ, घालतात. थंडीत मीही चमचाभर घालते. मसाले भाजू नका, फक्त उन्हात किंवा गरम कढईत ओल जाईपर्यंत ठेवा. दोन कपांना पाव चमचा, चहापुडीबरोबर. लवंग वाढली की जीभ बधिर होते आणि चहाला दंतमंजनाचा वास येतो, म्हणून ती मोजूनच.

मसाला असेल त्या दिवशी आलं अर्धं करा. गवती चहा आणि पुदिना त्या दिवशी पूर्ण बंद.

११. माहेर पुण्याचं, सासर बडोद्याचं. सासूबाईंना उकळून लाल केलेला मसाल्याचा लागतो, मला हलका. रोज दोन पातेली चढवू का?

नको. पाण्यात चहा उतरवा आणि दूध घालायच्या आधी तुमचा भाग कपात गाळून घ्या. त्यात वेगळं गरम दूध आणि थोडं गरम पाणी घाला. उरलेल्यात मसाला, दूध, साखर घालून सासूबाईंना हवा तेवढा उकळू द्या. आलं दोघींना चालत असेल तर ते पाण्यात आधीपासून राहू दे. पाहुण्यांमध्ये कोरा पिणारा एखादा असला तरी हीच रीत उपयोगी पडते.

१२. गणपतीत पन्नास माणसांचा चहा करायचा आहे. प्रमाण पंचवीस पट करू का?

सरळ पटीने वाढवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी आटतं, आणि चहा जास्त वेळ गरम राहिल्याने जास्त उतरतो. शंभर मिलिलिटरच्या पन्नास कपांना पाणी सव्वातीन लिटर, दूध दोन लिटर, चहापूड ९० ते १०० ग्रॅम, साखर ३५० ग्रॅम, आलं ७५ ग्रॅम, गवती चहाची एक मोठी जुडी. एवढ्या पाण्याला उकळी यायला वेळ लागतो, हे धरून आधण लवकर ठेवा.

चहापूड मलमलच्या सैल पुरचुंडीत बांधून सोडा आणि चार मिनिटांनी पुरचुंडी बाहेर काढा. सगळा नेम यावर आहे. पूड आत राहिली तर आरती लांबली की चहा कडू. दूध दुसऱ्या शेगडीवर तापवून ठेवा. थर्मासमध्ये भरायचा असेल तर पुदिना घालू नका.

१३. चहापूड कशी साठवावी?

घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, उजेड आणि शेगडीपासून दूर. चहा वास फार लवकर धरतो, त्यामुळे मसाल्याच्या कपाटात, हिंग-कांदा जवळ किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका. ओला चमचा घालू नका. वेलचीची सालं डब्यात टाकणारे आहेत, पण मला पूड निर्मळ राहिलेली आवडते.

१४. कोणीतरी दार्जिलिंग चहा भेट दिला. आमच्या पद्धतीने केला तर पाणचट लागला.

तो उकळायचा चहाच नाही. दार्जिलिंगला भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच्या वासासाठी, आणि दूध-आलं त्या वासाला मारतात. पाणी उकळून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा. दीडशे मिलिलिटरला दोन-अडीच ग्रॅम पानं, झाकण ठेवून तीन मिनिटं, मग लगेच गाळा. दूध नको, साखरही शक्यतो नको. मार्च-एप्रिलच्या पहिल्या तोडीचा चहा रंगाला फिका असतो. फिका दिसला म्हणून जास्त वेळ ठेवू नका, तुरट होईल.

१५. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर चालतो का? आणि रात्री?

जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर नको. चहातली द्रव्यं डाळी-भाज्यांतल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. तासाभराचं अंतर ठेवा. रक्त कमी असलेल्यांनी हे खास पाळावं आणि डॉक्टरांना विचारावं. रात्रीचं म्हणाल तर एका कपात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन जातं आणि त्याचा अंमल तासन्तास राहतो. झोप हलकी असेल तर संध्याकाळी पाचनंतर नुसता गवती चहा-पुदिना उकळून घ्या. त्यात चहाची पूड नसल्याने कॅफिन नाही.

१६. बशीत ओतून पिणं वाईट दिसतं का?

मुळीच नाही. बशीत चहा पसरतो, लवकर निवतो. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंशांपेक्षा जास्त कढत पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात असं नोंदवलं. आपल्या आजोबांची बशी त्या दृष्टीने शहाणपणाचीच होती.

१७. चहाबरोबर काय द्यावं?

खारी आणि भाखरवडी कुठेही चालते. बडोद्याचा लीला चिवडा बटाट्याचा, चणाडाळीचा, मऊ आणि किंचित गोड, म्हणून त्याच्याबरोबर चहा कमी साखरेचा आणि आल्याचा द्या. फाफडा-गाठिये असतील तर मिरी आधीच पोटात गेलेली असते, मसाला टाळा.

१८. सोया किंवा ओटचं दूध चहात फुटतं. उपाय?

सोयाचं प्रथिन आम्ल आणि उष्णता एकत्र आली की फुटतं, आणि चहा किंचित आम्ल असतोच. कोरा चहा गाळून दोन मिनिटं निवू द्या, दूध कोमट करा आणि कपात दूध आधी घेऊन त्यावर चहा हळूहळू ओता. पातेल्यात उकळू नका. ओटचं दूध सहसा तितकं फुटत नाही पण उकळलं की पेजेसारखं दाटतं, त्यालाही हीच रीत. दोन्हींशी आलं जमतं, गवती चहा ठीक, पुदिना माझ्या मते नाही.

१९. चहा फुळकवणी किंवा कडू झाला तर वाचवता येतो का?

फुळकवणी झाला तर त्याच पातेल्यात वरून पूड टाकू नका, कारण प्रश्न २ मध्ये आहे. छोट्या भांड्यात पाव कप पाणी उकळा, त्यात चमचाभर पूड दीड मिनिट उतरवा आणि ते गाळून मूळ चहात मिसळा.

कडू झालेल्यात गरम दूध वाढवा आणि अगदी कणभर मीठ घाला, मिठाने कडवटपणा जिभेला कमी जाणवतो. साखर वाढवून तो जात नाही. दूध खाली लागून करपल्याचा वास आला असेल तर मात्र काहीही घातलं तरी तो लपत नाही. तेवढा चहा टाका, पातेलं घासा आणि नव्याने आधण ठेवा.